सोमनीच्या बाभळीखाली

गाडी दारात आली त्या दिवशी अंजनाबाईंनी तिची रीतसर पूजा केली. लक्ष्मीसमोर चपला घालून कोण उभं राहतं, म्हणून चपला फाटकाबाहेर काढून आल्या. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडून पाणी काचेवर शिंपडलं. क्रीम रंगाची नवीकोरी मारुती, सीटांवर अजून कंपनीचं प्लास्टिक. भिलाईच्या पोलाद प्लांटच्या, मरोद्यातल्या त्या क्वार्टरांच्या ओळीत ही पहिलीच गाडी, त्यामुळे निम्मी गल्ली काचेला नाक लावून उभी होती. देवरावनं पुढचं दार उघडलं आणि मोठ्या कौतुकानं म्हणाला, "बस आई. पयली चक्कर तुही."

अंजनाबाई दोन पावलं मागं सरल्या. "मी नाही बसत."

"कावून?"

"कावून ते तुह्या बायकोले इचार."

आरतीचं ताट हातात घेऊन विजया बाजूलाच उभी होती. तिला सासूचं कारण पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. चार वर्षं आपण एकटीच डूख धरून बसलो आहोत असं तिला वाटत होतं, तर म्हातारीही आपल्याच पंगतीतली निघाली.

त्या रात्री भांडी आवरता आवरता अंजनाबाईंनी सुनेला स्पष्टच सांगितलं. "मी बसीन, पन इथून नाही. जिथं मले उतरवलं थ्या बाभळीखालून बसीन. अन ज्यानं उतरवलं त्याच्या जागेवर बसीन. नाही तं तुही गाडी तुले लखलाभ."

आता ही बाभूळ कुठली, ते सांगायला हवं.

विजयाचं माहेर राजनांदगावचं. भिलाईहून निघालं की दुर्ग, मग शिवनाथचा पूल, मग सोमनी आणि पुढे राजनांदगाव. चार वर्षांपूर्वी तिच्या भावाच्या, जानरावच्या थोरल्या मुलीचं लग्न ऐन वैशाखात होतं. देवराव मदतीला आधीच गेलेला. विजयाची थोरली बहीण कमलिनी भिलाईतच सेक्टर दहात, साहेबांच्या वस्तीत राहायची. तिचा नवरा बाबाराव प्लांटात ऑफिसर, आणि दारात फियाट. बाबाराव म्हणजे नाकानं कांदे सोलणारा माणूस. साडू क्रेन ऑपरेटर आहे, हे त्यांना चारचौघांत सांगावं लागू नये म्हणून ते देवरावची ओळख "हे पण प्लांटातच आहेत" अशी करून द्यायचे. तरीही त्या वेळी मोठ्या मनानं म्हणाले, की विजयाला आणि तिच्या सासूला आम्ही गाडीतून नेऊ.

अंजनाबाई आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसत होत्या. त्यांनी चपला काढल्या, सीटखाली सारल्या आणि देवघरात बसावं तशी मांडी घालून मागच्या सीटवर बसल्या. मांडीवर करंज्यांची टोपली, रात्री जागून केलेल्या. सोमनीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक अँबॅसिडर बॉनेट उघडून उभी दिसली. शेजारी बाबारावांचे मोठे साहेब, साहेबांची बायको आणि दोन मुलं घाम पुसत होती. त्यांनाही कुणाच्या तरी लग्नालाच जायचं होतं. बाबारावांनी असा ब्रेक दाबला की टोपलीतल्या वरच्या करंज्या खाली आल्या.

साहेबांशी हात जोडून बोलणं झालं आणि बाबारावांनी मागचं दार उघडलं. "विजया, जरा उतरा तुम्ही दोघी. साहेबांना सोडतो आणि दहा मिनिटात गाडी परत पाठवतो. चला लवकर, साहेब उन्हात उभे आहेत."

दोघी उतरल्या. उतरणार नाहीत तर काय करतील? बाबारावांच्या घाईत म्हातारीच्या चपला सीटखालीच राहिल्या. साहेब पुढे बसले, कमलिनी मागे साहेबिणीजवळ आली, आणि फियाट धूळ उडवत गेली. "चपला! माह्या चपला!" म्हणून अंजनाबाई थोडं अंतर धावल्या आणि मुरमाच्या चटक्यानं मागे आल्या. सावलीला एक बाभूळ होती. बाभळीची सावली ती केवढी, आणि तिच्याखाली काटे. विजयानं आपल्या चपला काढून दिल्या तर म्हातारी घालेना. शेवटी दोघींनी आळीपाळीनं घातल्या. ती दहा मिनिटं काही संपलीच नाहीत. दुपार कलली तेव्हा विटांचा एक ट्रॅक्टर आला आणि त्या ट्रॉलीत बसून दोघी लग्नघरी पोचल्या.

अक्षता केव्हाच पडल्या होत्या. थोरल्या जावयाच्या मानाची टोपी आणि खांद्यावर शेला मिरवत बाबाराव पंगतीत बसले होते. विटांच्या लाल भुकटीनं माखलेल्या दोघींना पाहून मोठ्यानं हसले. "आले का ट्रॅक्टरवाले! असू द्या, किसान लोग हैं, आदत है." पंगत हसली. कमलिनी मान खाली घालून ताटातला भात कालवत राहिली. विजयाला बाबारावांचं बोलणं लागलं, पण बहिणीची ती खाली घातलेली मान त्याहून खोल गेली. सख्खी बहीण, एका अंथरुणात वाढलेली, आणि ती मूग गिळून बसते!

अंजनाबाईंच्या तळपायांना फोड आले होते. हळद-तेल लावताना देवराव म्हणाला, "जाऊ दे." देवरावचं सगळ्याला हेच उत्तर. त्यात त्याचाही दोष नव्हता. त्याच्या क्रेनला खाली वितळलेल्या पोलादाचा डबा लटकलेला असायचा, आणि डोकं तापलेल्या माणसानं तो लिवर धरायचा नसतो, हे त्याच्या हाडीमासी भिनलं होतं. विजया त्याला म्हणाली होती, "तुमी क्रेन चालवता. मी नाही चालवत."

चार वर्षांनी देवरावचा मारुतीचा नंबर लागला तेव्हा घरात गाडी आली, आणि विजया म्हणाली, "मले शिकवा."

देवराव चांगला मास्तर निघाला. मरोद्याच्या मोकळ्या मैदानात तो तिला घेऊन जायचा आणि गाडी सुरू करण्याआधी क्रेनच्या केबिनचे नियम लावायचा. "आधी सीट. मंग आरसा. मंग न्यूट्रल पाहाचं. मंगच चाबी." विजया बुटकी, देवराव ताडमाड. तो बसून गेला की तिचा पाय क्लचपर्यंत पोचायचा नाही, आणि ती बसून गेली की त्याचे गुडघे स्टिअरिंगला ठोकायचे. रोज सकाळी सीटवरून कुरकुर. शेवटी देवरावनं सीटखालच्या पट्टीवर विजयाच्या नखपॉलिशनं दोन खुणा केल्या, एक तिची, एक त्याची. थंड इंजिन सुरू करायला चोक किती ओढायचा, ते कधी शांत चालू लागतं, आयडलिंगचा स्क्रू किती फिरवला की गाडी उभ्या उभ्या बंद पडत नाही, हे सगळं त्यानं तिला दाखवलं. ती शिकत गेली. रागाच्या माणसाला लवकर शिकता येतं. दुर्गला जाऊन लायसन काढलं तेव्हा तिथला बाबू दोनदा तिच्याकडे आणि दोनदा फॉर्मकडे पाहत बसला.

आरशाचं मात्र त्या दोघांचं जमेना. "आरसा मागच्या रस्त्यासाठी असते," देवराव म्हणायचा, "मागच्या सीटसाठी नाही." विजया हो म्हणायची आणि तो उतरला की आरसा पुन्हा मागच्या सीटवर वळवायची. बरोबर डाव्या कोपऱ्यावर. तिथं कुणाला बसवायचं आहे हे तिनं ठरवून ठेवलं होतं. तिला रस्ता पाहायचा नव्हता. तिला एक चेहरा पाहायचा होता.

इकडे बाबारावांचं काय झालं, तर त्यांनीही मारुतीला नंबर लावला होता आणि आता गाडी येतेच आहे अशा ऐटीत फियाट विकून टाकली होती. गाडी काही येईना. साडूची आली, आपली नाही, हे दुखणं त्यांना सांगताही येईना. एका रविवारी ते कमलिनीला घेऊन रिक्षानं मरोद्याला गाडी पाहायला आले. रिक्षातून उतरून त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "ही का? साबुनदानी है." मग न विचारता आत बसले. सीट खटकन मागे ढकलली, आरसा फिरवून भांग पाहिला, हॉर्न वाजवला, चोक ओढून तसाच ठेवला, आणि उतरताना दार इतक्या जोरात लावलं की स्वयंपाकघरात अंजनाबाई दचकल्या. मग म्हणाले, "हिच्यात फियाटची बात नाही. माणूस बसल्यासारखा वाटत नाही."

विजयानं हसून चहा दिला. बाबाराव गेल्यावर ती बाहेर आली, सीट आपल्या खुणेवर आणली, चोक आत ढकलला, आणि स्टिअरिंग धरून नुसतीच बसून राहिली. अपमान जुना होतो असं म्हणतात. तिचा झाला नव्हता.

आणि वैशाखातच जानरावच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. तेच घर, तोच रस्ता, मुहूर्त दुपारचा. अंजनाबाईंनी पत्रिकेला कुंकू लावून देवापुढे ठेवली आणि सुनेकडे पाहिलं.

बाबारावांनी स्वतःच निरोप धाडला, की थोरला जावई बसनं आला तर तुमच्या भावाची शोभा होईल, म्हणून मी तुमच्या गाडीतून येईन. उपकार केल्यासारखं! विजयानं उलट निरोप दिला, "या ना भाऊजी. पुढची सीट तुमचीच."

मग तिनं ती पुढची सीट लावायला घेतली. सगळ्या सीटांचं प्लास्टिक काढून टाकलं, तेवढ्या एका सीटचं ठेवलं; उन्हात त्यावर बसलं की माणूस भज्यासारखा तळून निघतो. सीट पुढे ओढून अशा खाचेत अडकवली की बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागावेत, आणि लिवरच्या मागे लाकडाची एक ढपली ठोकली. त्या दाराची काच खाली करायची मूठ काढून डब्यात ठेवली. देवराव मदतीला राजनांदगावला निघण्यापूर्वी गाडीचं तेल-पाणी पाहायला आला आणि हे सगळं पाहून थबकला.

"हे काय करून राहिली?"

"सेटिंग."

देवरावनं सीटखालचा लिवर ओढून पाहिला. "बाबारावजीले बसवाचं हाय ना इथं?"

"हो."

"विजया, जाऊ दे ना व."

"आईचे पाय कोनी चोळले? तुमी चोळले. मंग तुमी जाऊ द्या. मी नाही जाऊ देत." तिचा आवाज चढला आणि डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच. देवरावनं बॉनेट खाली केलं आणि बॅग उचलली. सीटचं त्याला कळलं होतं. बाभळीचं त्याला कुणी सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी अंजनाबाई भल्या पहाटे उठल्या. लुगडं नवं, चपलाही नव्या, करकरीत. रात्री केलेल्या करंज्यांची टोपली डोक्यावर घेऊन त्या पहिल्या बसनं निघून गेल्या. विजयानं डिक्की रुखवताच्या डब्यांनी गच्च भरली, मागच्या सीटवर दोन मोठ्या टोपल्या आणि शिवणाची मशीन ठेवली, आणि फक्त डावा कोपरा मोकळा सोडला. आरसा पुन्हा एकदा तपासला. मग सेक्टर दहाच्या फाटकाशी जाऊन हॉर्न दिला.

बाबाराव पांढऱ्याशुभ्र सफारीत, चकचकीत काळे बूट घालून आले. पुढच्या सीटवर बसले आणि लगेच खाली हात घातला. "ही मागे होत नाही का?"

"अडकली हाय भाऊजी. नवीन गाडी."

"काच?"

"मूठ निघून गेली."

"आणि हे प्लास्टिक?"

"नवी गाडी म्हणून काढलं नाही. काढलं तं मळते."

मागे कमलिनी टोपल्यांच्या कोपऱ्यात मुकाट बसली होती. जांभळी पैठणी, अंगभर दागिने, आणि आरशात नेमका दिसणारा चेहरा. विजयानं समाधानानं पहिला गियर टाकला.

दुर्ग पार होईपर्यंत बाबारावांचा सफारी पाठीला चिकटला. शिवनाथच्या पुलावर ते म्हणाले, "क्लच हळू सोड." पुलापलीकडे म्हणाले, "बायकांना गाडी द्यायलाच नको, देवरावला अक्कल नाही." विजया हो भाऊजी, हो भाऊजी म्हणत राहिली. तिला मनातून फार गोड वाटत होतं. कसाई बकऱ्याला पाला घालतो तेव्हा त्याला कसं वाटत असेल, हे तिला त्या दिवशी कळलं.

सोमनीच्या अलीकडे बाभूळ दिसली. बाभळीखाली अंजनाबाई उभ्या होत्या, कमरेवर टोपली, पायांत नव्या चपला. विजयानं आरामात ब्रेक दाबला.

"या इथं कशा?" बाबाराव दचकले.

"भाऊजी," विजया म्हणाली, आणि चार वर्षं रोज घोकलेलं वाक्य तिच्या तोंडून जसंच्या तसं आलं, "जरा उतरा तुम्ही. आत्याबाईंना सोडते आणि दहा मिनिटात गाडी परत पाठवते. चला लवकर, आत्याबाई उन्हात उभ्या आहेत."

बाबाराव आधी हसले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हसू ओसरलं. त्यांना आठवलं, हे तिला दिसलं. "क्या मजाक है? मी थोरला जावई आहे. मान घ्यायचाय मला तिथं, मुहूर्त तोंडावर आलाय." मग त्यांनाच एक युक्ती सुचली. "ठीक आहे, त्यांना बसू दे पुढे. मी मागे बसतो. टोपल्या डिक्कीत टाक." आणि ते टोपल्या हलवायला स्वतःच खाली उतरले.

ते उतरले तशा अंजनाबाई पुढे झाल्या. गाडीच्या दाराशी त्यांचा पाय सवयीनं चपलेतून निघू लागला. मग त्यांनी तो परत आत सारला, आणि चपलांसकट, धुळीसकट, पुढच्या सीटवर बसून दार लावून घेतलं. मैलोन्मैल चालून यावं तशी त्यांनी दमून मागे मान टेकली.

बाबारावांनी मागचं दार ओढलं. उघडलं नाही. त्यांनी पुन्हा ओढलं, काचेवर बोटं वाजवली. "कमल, दार खोल."

विजयानं आरशात पाहिलं. हाच तो क्षण, ज्याच्यासाठी तिनं आरसा लावला होता. कमलिनी दाराच्या कुलपाची कळ उचलायला हात वर नेईल, असं तिला वाटलं. पण हात वर गेलाच नाही. कळ आधीच खाली होती आणि कमलिनीचं बोट तिच्यावर गच्च दाबलेलं होतं. नवऱ्याकडे न पाहता ती समोर पाहत म्हणाली, "चाल विजू."

विजयानं क्लच सोडला, आणि पहिल्यांदाच इतका हळू, की देवरावनं शाबासकी दिली असती.

बाबाराव हाका मारत थोडे धावले असावेत. हाक ऐकू आली आणि मागे पडली. विजयाला तो सोहळा डोळे भरून पाहायचा होता. पण आरशात रस्ता नव्हताच, बहिणीचा चेहराच होता, आणि त्या चेहऱ्यावर तिनं कल्पिलेलं काहीच नव्हतं. ना लाज, ना विनवणी. कमलिनीचे ओठ पांढरे पडले होते.

विजयाला ते सहन होईना. "तू दार कावून नाही उघडलं?"

कमलिनी समोरच पाहत राहिली.

"बोल ना! थ्या दिवशी बी नाही बोलली, आज बी नाही बोलत. थ्या दिवशी माह्यासाठी तोंड उघडलं असतं तं जीभ झडली असती का तुही?"

"बोलली असती तं मले बी उतरवलं असतं त्यायनं," कमलिनी म्हणाली. सेक्टर दहात गेल्यापासून तिनं सोडून दिलेली बोली एकदम तोंडात आली. "मले उतराचं भेव वाटलं. पन तेवढंच नाही, विजू. पुढं मोरी हाय, तिथं थांबव."

नाल्यावरची ती छोटी मोरी जवळच होती. विजयानं गाडी कडेला घेतली.

"आत्याबाईच्या चपला साहेबाच्या बायकोच्या पायाखाली आल्या. तिनं नाकाले पदर लावला. हे म्हनाले, फेक. मी म्हनलं, अंजनाबाईच्या हायत, पोचल्यावर देऊ. हे आरशातून माह्याकडं पाहून राहिले. मी फेकल्या. इथं, या नालीत. माह्या हातानं. मागं पाहिलं तं तुमी दोघी दिसत होत्या अजून, त्या थोड्या धावून राहिल्या होत्या."

आयडलिंगवर इंजिन शांत चालू होतं.

कमलिनीनं कळ वर केली, दार उघडलं आणि पैठणी सावरत खाली उतरली. उतरून तिनं सोनेरी पट्ट्यांच्या सँडल काढल्या, वाकून गाडीत ठेवल्या आणि दार लावलं. मुरमाचा चटका बसला तसे तिचे पाय आखडले, पण ती हलली नाही. "जाय," ती म्हणाली.

विजयाचा पाय क्लचवर गेला. तिला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. चार वर्षं ती चुकीच्या माणसावर दात धरून होती असं नाही, दोघांवरचाही राग बरोबरच होता. पण त्या चपला बहिणीच्या हातानं गेल्या हे ऐकून तिच्या छातीत जे पेटलं होतं त्यापुढे बाबारावांचं हसणं काहीच नव्हतं. उभी राहा, तिनं मनात म्हटलं, उभी राहा आणि भाजून घे. ती गियर टाकणार तोच अंजनाबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

म्हातारीनं मागे वळून त्या सोनेरी सँडलांकडे पाहिलं. मग खिडकीकडे वळली आणि काच खाली करायला मूठ शोधू लागली. मूठ नव्हतीच. शेवटी दारच उघडून तिनं डोकं बाहेर काढलं.

"कावून उभी हाय व तमाशा करत? घाल चपला अन बस."

"नाही आत्याबाई. मले राहू द्या."

"तुहे पाय भाजून माह्ये पाय थंडे होनार हायत का? माह्ये तं बरे झाले कवाचेच. फेकल्या त्या फेकल्या. सांगाले चार वर्स लावले, त्याचा राग मी वेगळा काढीन तुह्यावर, पन लगनात नाही. बस."

कमलिनी तिथंच रडू लागली, लहान पोरीसारखी, नाक ओढत. विजयानं मागचं दार उघडून दिलं. ती बसली. पायांची धूळ न झटकताच तिनं सँडल घातल्या. विजयाच्या मनातली आग काही विझली नाही, पण हात मागे करून तिनं बहिणीला आपला रुमाल दिला. तेवढंच तिला जमलं.

मग तिला आठवलं. बाबाराव अजून बाभळीखाली होते. मुहूर्त जवळ आला होता, ऊन माथ्यावर होतं, आणि तिकडे मंडपात थोरला जावई आला नाही म्हणून मानाची टोपी आता देवरावच्या डोक्यावर बसणार होती. त्या गरिबाला ते कळणारही नव्हतं कशामुळे. बहिणीला परत गाडीत घेतल्यावर आता तिच्या नवऱ्याला तिथंच उन्हात कसं सोडून जाता येणार, असा विचार तिच्या मनात आला आणि तो तिला आवडला नाही.

"आत्याबाई," ती चाचरत म्हणाली, "मंग भाऊजीले बी घेऊन येऊ का वापस?"

अंजनाबाईंनी आपल्या नव्या चपलांकडे पाहिलं, मांडीवरची टोपली नीट केली, आणि सीटच्या प्लास्टिकवर ऐसपैस टेकून बसल्या.

"त्यायले राहू दे," त्या म्हणाल्या. "त्यायच्या पायात बूट हायत."

मागच्या सीटवर कमलिनीला रडता रडता हसू फुटलं, आणि ते थांबेना. विजयानं हात वर करून आरसा हळूच फिरवला, देवरावनं शिकवला होता तसा, मागच्या रस्त्यावर. सरळ रस्ता, पांढरं ऊन, आणि अगदी शेवटी बाभळीखाली पांढऱ्या सफारीतला एवढासा माणूस, ट्रॅक्टर थांबवायला हात दाखवत होता.